टेकचंदची जळालेली मिशी

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी टेकचंद लांजेवारच्या तोंडावर आग लागली. चुलीपाशी नव्हे, तणसाच्या ढिगापाशी नव्हे. साकोलीत, डॉक्टर भूपेंद्र यांच्या बारा खाटांच्या दवाखान्यात, चक्क ऑपरेशनच्या टेबलावर! मानेवरची लिंबाएवढी गाठ काढायला एकोडीहून आलेला धडधाकट माणूस, आणि संध्याकाळी तोंडाला पट्ट्या गुंडाळून नागपूरला रवाना. ऐकणाऱ्याला खरंच वाटेना. ज्या खोलीत हात धुतल्याशिवाय पाय ठेवता येत नाही, तिथं आग शिरलीच कशी?

गुरुवारी दुपारी दोन वाजता या प्रश्नाचं उत्तर टाइप होऊन तयार होतं. खाली फक्त सुलोचनाबाईंची सही व्हायची होती.

सुलोचनाबाई सोनकुसरे या रिटायर सिस्टर. सरकारी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. डॉक्टर भूपेंद्र शिकाऊ असताना त्यांना हातमोजे कसे चढवायचे ते बाईंनीच शिकवलं होतं. म्हणून तर त्यांनी बाईंना ‘चौकशी समिती’ म्हणून बोलावलं. समितीत बाई एकट्याच होत्या.

“सही इथं, बाई,” डॉक्टर भूपेंद्र पेन पुढे करत म्हणाले. “चहा सांगू?”

बाईंनी चष्मा लावला. वाचलं. ‘सिस्टर मोनिका निखारे यांनी रुग्णाच्या मानेला लावलेले स्पिरिटयुक्त औषध वाळू दिले नाही. कॉटरीच्या ठिणगीने ते पेटले.’

कॉटरी म्हणजे रक्त थांबवायचं विजेचं हत्यार. डॉक्टरनं पायानं पायडल दाबलं की टोकाशी ठिणगी उडते आणि फुटलेली शीर जागच्या जागी जळून बंद होते. ठिणगी उडणारच, तिचं कामच ते. प्रश्न एवढाच, की तिनं पेटवलं काय?

“मोनिकानं कबूल केलं?”

“ते कशाला? रडून राहिली दोन दिवसांपासून. रडते म्हणजे समजा नं.” डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. “पाच वाजता हवालदार येऊन राहिला. पेशंटची बायको बाहेर बसली आहे, तक्रार देणार म्हणते. तिला नाव पाहिजे. नाव दिलं की दवाखाना मोकळा.”

दवाखाना मोकळा, आणि मोनिका? तिची नोकरी जाणार, नर्सची नोंदणी जाणार, डोक्यावर पोलीस केस बसणार. चोवीस वर्षांची पोर ती, बाईंच्याच हाताखाली शिकलेली.

बाईंनी पेनाचं टोपण परत लावलं.

“सही करतो, डॉक्टर. पयले मले थो जळलेला कपडा दाखवा.”

डॉक्टर भूपेंद्र यांचा चेहरा उतरला.

“कपडा? तो… धुवायला गेला, बाई.”

२

धुवायला गेला म्हणे! आग लागलेला कपडा कोणी धुतो का? बाई तडक मागच्या खोलीत गेल्या. धुण्याची बोचकी भिंतीला लागून पडली होती. चौथ्या बोचक्याला दुहेरी गाठ होती, आणि ती सोडताना बाईंच्या नाकात जळका वास शिरला.

“बाई, नोका न पाहू,” मागून आवाज आला.

मोनिका दारात उभी होती. डोळे सुजलेले, ओढणीचं टोक चावून ओलं केलेलं.

“ये इकडे. रडणं मंग कर. मंगळवारी मानेले काय लावलं होतं तू?”

“तपकिरी औषध, बाई. पाण्यातलं. स्पिरिटातलं नाही. शप्पथ.”

“बाटली?”

“बाटली दिसतच नाही. कपाटच रिकामं करून ठेवलं कोनं तरी. मायं कोनी आयकतच नाही, बाई. माय म्हनते, काही तं केलंच असन तू, बिनकारणाचं कोनी नाव घेते का? घरचेच असं म्हनतात तं बाहेरच्याईचं काय?”

बाईंना ते ऐकून वाईट वाटलं आणि तिच्या आईचा रागही आला. त्यांनी बोचक्यातून दोन कापडं काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. सुलोचनाबाई कोष्ट्याच्या घरातल्या. त्यांचं बालपण मागाच्या खटखटाटात गेलं होतं. कापड त्यांना वाचता येत होतं.

पहिली होती टेबलावरची पांढरी चादर, टेकचंदच्या माने-खांद्याखालची. तिच्यावर तपकिरी डाग होता, चांगला हातभर पसरलेला. औषध मानेवरून ओघळून तिथं जमलं होतं.

“हे पाह्य. स्पिरिट असतं तं ओघळून कुठं गेलं असतं?”

“खाली. मानेखाली.”

“अन् पेटलं असतं तं?”

मोनिकानं चादर हातात घेतली, उलटीसुलटी केली. डागावर जळल्याची एक खूण नव्हती. सूत न् सूत शाबूत.

दुसरी होती वरून पांघरलेली हिरवी चादर, मानेपुरतं भोक ठेवून पेशंटच्या तोंडावरून ओढतात ती. त्या भोकाची एक कड जळून गेली होती. मानेच्या बाजूची नव्हे, नाकाच्या बाजूची. बाईंनी तिथं बोट फिरवलं. वरून धागे हिरवेच होते, काळे झाले होते ते खालून.

“आग चादरीच्या खाली होती,” बाई हळूच म्हणाल्या. “नाकापाशी. तुया औषधापाशी नाही.”

मोनिका त्यांच्याकडे बघतच राहिली. नाकापाशी एकच गोष्ट होती, आणि मंगळवारपासून सगळे सांगत होते की ती बंद होती.

३

टेकचंदला पूर्ण भूल दिलेली नव्हती. मान बधिर केली होती, गुंगीचं थोडं इंजेक्शन आणि नाकाला ऑक्सिजनची नळी. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्यात ठिणगी पडली तर साधा केसही वातीसारखा पेटतो. म्हणून गळ्यापाशी कॉटरी लावायच्या आधी ऑक्सिजन बंद करायचा, हा नियम.

बाईंनी सर्जनचं आणि नळी सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचं, दोन्ही बयानं मागवून घेतली. ऑफिसातले भैय्याजी ती घेऊन आले. साठीला टेकलेले भैय्याजी टाइपरायटरच्या जमान्यापासूनचे कारकून, आणि आपल्या शुद्ध मराठीचा त्यांना भारी अभिमान. बयानं सगळ्यांची तोंडी, टाइप केलेली भैय्याजींनी.

सर्जन डॉक्टर धनंजय यांचं बयान: ‘मी विचारणा केली असता तंत्रज्ञाने ऑक्सिजन बंद केल्याचे सांगितले. त्यानंतरच मी कॉटरी वापरली.’ तंत्रज्ञ नीलेश हटवारचं बयान: ‘डॉक्टरांनी विचारणा केली असता मी ऑक्सिजन बंद केला.’ दोन्ही बयानं तंतोतंत जुळत होती. ऑक्सिजन बंद, म्हणजे उरलं स्पिरिट, म्हणजे मोनिका. कागदावर तरी सगळं चोख होतं.

डॉक्टर धनंजय पुण्याचे. इथं येऊन त्यांना आठच दिवस झाले होते. बाई खोलीत शिरल्या तेव्हा ते फाइलमध्ये डोकं घालून बसले होते. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

“मी एकदा नाही, दहादा सांगितलं आहे. विचारल्याशिवाय मी पायडलवर पाय ठेवत नाही. भैय्याजी, त्या कालच्या पेशंटचे रिपोर्ट?”

“आणून राहिलो, सर,” भैय्याजी दारातून म्हणाले.

डॉक्टरांनी वर न बघता हात पुढे केला. हात तसाच हवेत राहिला.

“अहो, द्या ना मग!”

“आता जाऊन राहिलो नं सर!” म्हणत भैय्याजी पळाले. मोठा उतावळा डॉक्टर आहे, बाईंच्या मनात आलं.

“नीलेश खोटं बोलला असन का, डॉक्टर?”

“मी कानांनी ऐकलं. खोटं बोलला असेल तर तेव्हाच बोलला असेल.”

नीलेश सिलिंडरच्या खोलीत सापडला. तिशीचा, सडसडीत. बाईंना पाहून तो उठून उभा राहिला.

“बाई, म्या बंद केला. माया पोरीची शप्पथ. या हातानं चाकी फिरवली.”

“मंग आग काहायची?”

“मले काय मालूम? सरनं इचारलं, म्या जबाब देल्ला, अन् बंद केला. मोनिकाताईचं नाव घेऊन राहिले तं मले झोप नाही, बाई. पण म्या बंद नाही केला असं कसं म्हनू?”

व्हरांड्यात बाकावर टेकचंदची बायको जानकीबाई बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर घट्ट धरलेला मोबाईल. बाई तिच्याजवळ बसल्या.

“कुठं कुठं भाजलं, बाई?”

“ओठ. नाक. भुवया.” जानकीबाईनं पदरानं तोंड पुसलं. “मिशी तं मुळासकट गेली. लग्नापासून ठेवली होती त्यानं. मान? मानेले निस्तं लाल झालं. अजून एक शब्द बोलला नाही हो थो. गुड्डी हाय त्याच्यापाशी, आमची पोरगी.” मग एकदम तिचा आवाज कडक झाला. “मले नाव सांगा. कोनी केलं? थे नर्स नं?”

मिशी गेली आणि मान वाचली. म्हणजे ऑक्सिजन चालूच होता! मग कोणीतरी एकजण खोटं बोलत होतं, आणि दोघंही शपथेवर सांगत होते. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

“पाच वाजेपर्यंत थांबा, बाई,” सुलोचनाबाई उठत म्हणाल्या. “एवढं आयका मायं.”

४

“सगळे ऑपरेशनच्या खोलीत चला,” बाईंनी हुकूम सोडला. “मंगळवारी जसे उभे होते तसे उभे राहा.”

डॉक्टर भूपेंद्र कुरकुरत आले. भैय्याजी दाराशी थांबले. बाईंनी कॉटरीचा प्लग स्वतः उपटला आणि मुठीत धरला. मग चपला काढल्या आणि साठ वर्षांची ती बाई सरळ टेबलावर आडवी झाली.

“बाई, हे काय करता!” मोनिका ओरडली.

“मी टेकचंद हावो. नीलेश, नळी लाव मले अन् ऑक्सिजन चालू कर. चादर ओढ. आता मंगळवारी जे बोलले थेच बोला. एक शब्द इकडचा तिकडे नोको.”

चादर तोंडावर आली आणि सगळं हिरवं झालं. दिसायचं काही नाही, नुसतं ऐकायचं. नाकाखाली गार हवा लागत होती. सूंऽऽ असा बारीक आवाज कानाशी. मुठीत प्लग आहे हे पक्कं ठाऊक असूनही बाईंनी तो बोटांनी पुन्हा चाचपून पाहिला. जागेपणी असं पडून राहायचं, आणि वर कोण काय करतं ते कळायचं नाही! कसं वाटलं असेल त्या माणसाला?

“नीलेश, ऑक्सिजन बंद?” डॉक्टर धनंजय यांचा आवाज.

“बंद करून राहिलो, सर.”

खट्. पायडल दाबलं गेलं.

बाईंच्या ओठावर हवा लागतच होती. एक, दोन, तीन… चौथ्या आकड्याला चाकी कुरकुरली आणि सूंऽऽ थांबला.

बाईंनी चादर भिरकावली आणि ताडकन उठून बसल्या.

“डॉक्टर, पायडल आधी वाजलं. चाकी मंग फिरली.”

“शक्य नाही. त्यानं सांगितलं, मग मी दाबलं. आत्तासुद्धा तुम्ही ऐकलंत!”

“काय सांगतलं त्यानं?”

“की ऑक्सिजन बंद करून राहिलाय.”

“म्हनजे काय?”

“म्हणजे काय म्हणजे? बंद केलाय. बंद करून… थांबलाय.”

नीलेशचं तोंड उघडंच राहिलं. “नाही हो, सर! करून राहिलो म्हनजे करून राहिलो! म्हनजे हात चाकीवर हाय! अजून बंद व्हायचाच हाय!”

बाईंना भैय्याजी आठवले, ‘आणून राहिलो’ म्हणणारे, आणि हवेत राहिलेला डॉक्टरांचा रिकामा हात. जन्मभर त्या स्वतः तसंच बोलत आल्या होत्या. जेवून राहिली, येऊन राहिली, करून राहिली. अख्ख्या साकोलीत याचा दुसरा अर्थ कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. म्हणून तर हा फरक कोणाला ऐकू आला नव्हता!

“भैय्याजी, नीलेश ‘करून राहिलो’ म्हनला होता नं तुमाले? मंग कागदावर ‘बंद केला’ कसं आलं?”

“बाई, मी शुद्ध करून लिवलं,” भैय्याजी चाचरत म्हणाले. “सरकारी कागदावर ‘करून राहिलो’ बरं दिसते का?”

“घ्या! दोघंही खरं बोलले, अन् तुमी दोघाईचं जुळवून देल्लं.”

डॉक्टर धनंजय भिंतीला टेकले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. “आणि बंद झाल्यावरसुद्धा मिनिटभर थांबायचं असतं. चादरीखाली साचलेला निघून जाईपर्यंत. मला माहीत आहे ते. मी… थांबलो नाही. शीर वाहत होती, पुढं तीन पेशंट होते. दाबून धरता आली असती. नाही थांबलो.”

डॉक्टर भूपेंद्र यांनी घाईघाईनं हात जोडले. “चला! म्हणजे एका शब्दाचा घोळ. चूक कोणाचीच नाही. बाई, तसंच लिहून टाकू.”

“कोनाचीच नाही?” बाई टेबलावरून खाली उतरल्या. आता त्यांचा पारा चढला होता. “भूल देणारे डॉक्टर मंगळवारी कुठं होते? डोक्यापाशी त्याईनं बसायचं असते, ऑक्सिजन त्याईच्या हाती राह्यते. गुंगी देल्ली अन् त्याईले बलावलंच नाही तुमी. एकट्या पोराच्या भरवशावर काम उरकलं. अन् शब्दाचाच घोळ होता तं कपडा बोचक्यात कायले बांधला? औषधाची बाटली कायले गायब केली? तुमाले मालूम होतं, डॉक्टर. पोरीचं काही चुकलं नाही हे तुमाले पयल्या दिवसापासून मालूम होतं!”

मोनिका तोंडावर ओढणी धरून रडत होती, पण दोन दिवसांपेक्षा वेगळं रडणं होतं ते.

बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. हवालदार आला होता.

५

सगळे व्हरांड्यात आले. हवालदारानं जानकीबाईशेजारी बसून कागद मांडीवर घेतला. “हं, बाई. तक्रार कोनाविरुद्ध? मोनिका निखारे, बरोबर?”

“थांबा,” सुलोचनाबाई पुढे झाल्या. लपवलेला कपडा, ‘करून राहिलो’चा घोळ, सगळं त्यांनी सांगितलं, आणि तेवढ्यात जानकीबाईच्या हातातला मोबाईल वाजला.

“गुड्डी? काय झालं?” जानकीबाईनं मोबाईल कानाला लावला. “बोलला? काय म्हनते? थांब, मोठ्यानं लावतो.”

तिनं स्पीकर चालू केला. आधी नुसता श्वास आला. मग टेकचंदचा जाड, अडखळता आवाज. ओठ नीट हलत नव्हते.

“म्या… सांगतलो होतो त्याईले.”

“काय सांगतले होते?”

“डॉक्टरनं इचारलं, बंद हाय का म्हनून. म्या म्हनलो, नाही जी, हवा येऊन राहिली. नाकात हवा येऊन राहिली म्हनलो. थो म्हने, काका, बोलू नका.”

फोन बंद झाला. जानकीबाईनं वर पाहिलं. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

सुलोचनाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत सगळ्यांना त्यांनी मंगळवारचे शब्द बोलायला लावले होते. डॉक्टरांचे, नीलेशचे. टेकचंदच्या जागी त्या स्वतः झोपल्या होत्या, आणि टेकचंद काय बोलला हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“मीबी आयकली होती, मावशी,” मोनिका जानकीबाईला म्हणाली. तिला आता रडू येत नव्हतं. “काहीतरी पुटपुटला थो. मले वाटलं, घाबरला असन. मी लक्षच नाही देल्लं.”

नीलेश खाली मान घालून उभा होता. “मीबी,” तो एवढंच म्हणाला.

“अन् बोलू नका कोन म्हनलं?” जानकीबाईनं विचारलं.

“मी,” डॉक्टर धनंजय म्हणाले.

“थो तं जागा होता नं?”

“हो. जागा होता.”

“मंग?”

जानकीबाई हवालदाराकडे वळली.

“पोरीचं नाव खोडा. तिचं साक्षीदार म्हनून लिवा, तिनं आता खरं सांगतलं. कपडा लपवला त्या डॉक्टरचं लिवा. पण पयले माया मालकाचं लिवा. थो काय बोलला थे.”

हवालदारानं नवा कागद घेतला. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागला, “रुग्ण टेकचंद लांजेवार हे शुद्धीवर होते. नाकाजवळ हवा येत असल्याचे त्यांनी डॉक्टरांना…”

“नाही,” डॉक्टर धनंजय म्हणाले. “तसं नका लिहू. ‘येऊन राहिली’ म्हणाले ते. तसंच लिहा.”

हवालदारानं जानकीबाईकडे पाहिलं.

“तसाच बोलला थो,” ती म्हणाली.

हवालदारानं ओळ खोडली आणि पुन्हा लिहिली. मग विचारलं, “अन् बोलू नका म्हननाऱ्याचं नाव?”

जानकीबाईनं तोंड उघडायच्या आत डॉक्टर धनंजय यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.